गरज कोणाची मोजायची?

'समाजाला लागेल ते शिकवा' हे वाक्य ऐकायला अगदी सरळ वाटतं. पण आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना वाईट खोड असते. आम्ही लगेच विचारतो, लागेल म्हणजे कोणाला? आणि केव्हा? आज आपण हा प्रश्न इंग्लंडमधल्या शेती-कॉलेजांत नेऊन तपासू, कारण तिथे त्याचा थेट कायदाच झालेला आहे.

इंग्लंडमध्ये 'लँड-बेस्ड' म्हणून ओळखली जाणारी कॉलेजं आहेत. शेती, फळबागा, वनीकरण, घोडे, जनावरं, शेतीची यंत्रं असे जमिनीशी बांधलेले व्यवसाय तिथे शिकवले जातात. विद्यार्थी बहुतेक सोळा वर्षांपुढचे. 2022च्या कौशल्य कायद्याने दोन गोष्टी केल्या. एक, प्रत्येक भागातल्या उद्योजकांच्या संघटनेने 'स्थानिक कौशल्य सुधार आराखडा' तयार करायचा. बऱ्याच ठिकाणी हे काम चेंबर ऑफ कॉमर्सकडे गेलं. दुसरं, आपले अभ्यासक्रम स्थानिक गरजेशी किती जुळतात हे कॉलेजच्या नियामक मंडळाने वेळोवेळी तपासायचं. शिवाय दरवर्षी उत्तरदायित्वाचं निवेदन काढायचं. यात वाईट काय? काहीच नाही. अडचण पुढे आहे.

आराखडा बनवताना उद्योजकांना विचारतात. मोठा कारखाना उत्तर देतो, त्याच्याकडे त्यासाठी माणूस असतो. पण शेतीत मालक बहुधा एकटा, फार तर घरचे दोघे-तिघे. दूध काढायच्या वेळी प्रश्नावली कोण भरणार? म्हणजे गरज आहे, पण ती कागदावर येत नाही. आणि आराखडा 'स्थानिक', तर खास शेतीचं कॉलेज चार परगण्यांतून मुलं घेतं, वसतिगृहात ठेवतं. मग स्थानिक म्हणजे नेमकं कुठलं?

बरं, विद्यार्थ्यांचंही मन असतं. या कॉलेजांत प्राण्यांची निगा हा विषय फार लोकप्रिय आहे. प्राण्यांवर प्रेम असलेली मुलं येतात, आणि सरकारी पैसा मुख्यतः विद्यार्थिसंख्येवर मिळतो. शेतकऱ्याला मात्र ट्रॅक्टरचं इलेक्ट्रॉनिक्स समजणारा माणूस हवा असतो. कॉलेज या दोघांच्या मध्ये उभं. त्यात तिसरं कोणी तरी येतं. 2012 साली ब्रिटनमध्ये अ‍ॅश झाडांचा बुरशीजन्य रोग आढळला आणि धोकादायक झाडं उतरवणाऱ्या कुशल माणसांची गरज वाढली. 2024पासून इंग्लंडमध्ये बहुतेक नव्या बांधकामांना, जैवविविधतेत किमान 10 टक्के वाढ दाखवण्याचं बंधन आलं. त्यासाठी अधिवास ओळखणारी, मोजणारी माणसं लागतात. ही गरज कोणा मालकाच्या मनातून निघाली नाही. एक रोगातून आली, एक कायद्यातून.

आता आमचं आवडतं उदाहरण. ससेक्समधलं प्लम्प्टन कॉलेज, 1926 साली सुरू झालेलं. तिथे 1988 साली वाइनचं शिक्षण सुरू झालं. इंग्लंडमध्ये द्राक्षं! लोक हसले असतील असा आमचा अंदाज. नाशिककर श्रोत्यांना ठाऊक आहे, वेल लावला की फळासाठी वर्षं थांबावं लागतं. बुडबुड्यांची वाइन करायची तर बाटलीत आणखी काळ. 1990च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटनमधली द्राक्षबाग सुमारे 1000 हेक्टर होती. पुढे ती घटत गेली, 2004च्या सुमाराला साडेसातशेच्या आसपास. त्या वर्षी जर कोणी गरजेचा तक्ता मांडला असता, तर अभ्यासक्रम बंद करा हाच निष्कर्ष निघाला असता, आणि आकड्यांच्या दृष्टीने तो बरोबरही ठरला असता. आज ब्रिटनमध्ये 4000 हेक्टरच्या वर द्राक्षबागा आहेत. हवामान ऊबदार झालं, पैसा आला, हे खरं. पण बाग लावायला निघालेल्या माणसाला छाटणी आणि आंबवणं जाणणारी माणसं इंग्रजी मातीतच शिकलेली मिळाली, हेही खरं.

म्हणजे आकडे फेकून द्यायचे का? नव्हे. आम्हाला वाटतं, कामाची वाटणी करावी. फवारणीचा परवाना, करवतीचं प्रमाणपत्र, उपग्रहावर चालणारा ट्रॅक्टर, ही गरज आजची आहे. ती छोट्या अभ्यासक्रमांतून वर्षा-दोन वर्षांत भागवता येते. इथे मालकाचं ऐकायचं, आणि लगेच ऐकायचं. त्याला प्रश्नावली न पाठवता, कॉलेजच्या शिक्षकाने त्याच्या गोठ्यात जावं. पण एखादी विद्या एकदा बंद केली, की शिक्षक पांगतात, प्रात्यक्षिकाची बाग उपटली जाते, आणि पाच वर्षांनी मागणी आली तरी ती परत उभी राहत नाही. म्हणून बंद करण्याच्या निर्णयासाठी एका वर्षाचा तक्ता पुरेसा मानू नये. नियामक मंडळाने निवेदनात 'किती जागा भरल्या' याच्या शेजारी 'ही विद्या इथे थांबली, तर देशात दुसरीकडे कुठे मिळेल' हाही रकाना ठेवावा. कायदा त्यांना तसं करण्यापासून अडवत नाही.

प्रश्न असतील तर घेऊ. मागे बसलेल्यांनी जरा मोठ्याने विचारा.