सात टँकर गच्चीवर!

हिशोब करून बघा. 100 चौरस मीटरची गच्ची आणि पुण्याचा वर्षाचा साधारण 700 मिलिमीटर पाऊस: झालं 70,000 लिटर पाणी! म्हणजे दहा हजारी सात टँकर. गळती, बाष्पीभवन वजा केलं तरी पाचेक टँकर नक्की उरतात. एप्रिलमध्ये टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसणाऱ्या सोसायटीला ही केवढी कमाई!

घराच्या ‘ग्रीन’ सर्टिफिकेटचे गुण असल्याच साध्या गोष्टींना मिळतात. नळाच्या तोंडावरची एरेटरची जाळी घ्या. अंगठ्याच्या पेराएवढी, पण पाण्यात हवा मिसळून मिनिटाला दहा-बारा लिटर ओतणाऱ्या नळाला साधारण निम्म्यावर आणते. धार मात्र भरघोसच वाटते. बोअरच्या पाण्याने तिच्यावर पांढरा थर चढतो. महिन्यातून एकदा काढून व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवली की पुन्हा नवी.

हे सर्टिफिकेट देणारे परीक्षक मुख्यतः दोन. ‘गृह’ हे 2007 पासूनचं राष्ट्रीय मानांकन, 1 ते 5 तारे देणारं. दुसरी ‘सीआयआय’ या उद्योगसंघटनेची ‘आयजीबीसी’, 2001 मध्ये स्थापन झालेली. तिची वरची पायरी प्लॅटिनम.   

बिल्डरला यात जादा एफएसआय मिळतो: राज्याच्या 2020 च्या बांधकाम नियमावलीत श्रेणीप्रमाणे 3, 5 किंवा 7 टक्के. तुम्हाला काय? सोलर, पर्जन्यजल संधारण, गांडूळखत यांपैकी एक प्रकल्प चालू असेल तर पुणे महापालिकेच्या मिळकतकरात 5 टक्के सूट, दोन असतील तर 10.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ब्रोशरवर ‘प्री-सर्टिफाइड’ दिसलं की थांबा. तो निकाल नकाशाचा असतो, बांधून झालेल्या घराचा नव्हे. बुकिंगच्या टेबलावरच विचारा, ‘फायनल सर्टिफिकेट कधी दाखवणार?’ आणि उत्तर लेखी घ्या.

पाण्याबरोबर विजेचाही हिशोब असतो. पेशव्यांनी 1750 च्या सुमारास कात्रजचं पाणी नुसत्या उतारावर शनिवारवाड्यापर्यंत आणलं. आज अकराव्या मजल्यावर पाणी चढवणाऱ्या पंपाची विजेची भूकही मानांकनात मोजतात.

फ्लॅट बघायला जाल तर संध्याकाळी जा. दुपारभर ऊन खाल्लेल्या पश्चिमेच्या भिंतीला आतून तळहात लावा. गरम लागली तर बेडरूम कोणत्या बाजूला आहे, ते आधी बघा.