निष्ठा आकड्यात बसत नाही: कारीच्या जेध्यांची गोष्ट

ज्यांना ऐकायला वेळ मिळत नाही, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप, नेहमीप्रमाणे नाशिकहून.

आम्ही तीन मित्र ऑफिस सुटल्यावर एक फॅन्टसी गेम बनवतोय. त्यात एक साम्राज्य आहे आणि त्याचं एक मांडलिक लढवय्यं घराणं. कोड माझ्याकडे. मी घराण्याची निष्ठा ० ते १०० अशी ठेवली. बादशहाने पैसा दिला की वाढणार, कर लावला की घटणार. गेम चालला, पण घराणं काही खरं वाटेना. मग म्हटलं, अशी खरी घराणी आपल्याकडे होतीच की. मावळातले देशमुख!

देशमुख म्हणजे काय, तर एका खोऱ्याचा वतनदार. विजापूरच्या आदिलशहासाठी सारा गोळा करायचा, बदल्यात वतनाचे पिढीजात हक्क उपभोगायचे, आणि हुकूम आला की आपली माणसं घेऊन लढाईला जायचं. ही माणसं म्हणजे भाऊबंद आणि खोऱ्यातले गावकरी. त्यांच्यासाठी बादशहा लांब, देशमुख जवळ. वर निजामशाही जाऊन आदिलशाही आली, तरी खोऱ्यात देशमुख तेच राहिले.

भोरजवळच्या कारीचे जेधे हे रोहिडखोऱ्याचे देशमुख. कान्होजी जेधे लहान असताना त्यांच्या वडिलांना भावांनीच वतनापायी मारलं, असं जेध्यांची करिना सांगते. हे वाचताना मला आमचं घर आठवलं. निफाडकडे दोन गुंठ्यांच्या बांधावरून माझे वडील आणि काका अकरा वर्षं बोलत नाहीत. मी मात्र गेममध्ये जमीन म्हणजे फक्त उत्पन्नाचा आकडा धरला होता!

आता १६५९ बघा. अफझलखान निघाला, आणि आदिलशहाने मावळातल्या देशमुखांना फर्मानं पाठवली: खानाला मिळा, नाहीतर परिणाम भोगा. कान्होजींनाही आलं. रोहिडखोऱ्याच्या वतनातले त्यांचे वाटेकरी खंडोजी खोपडे खानाकडे गेले. हिशोबाने बघितलं तर खोपड्यांचं काय चुकलं? जिंकणारी बाजू तीच दिसत होती.

कान्होजी फर्मान घेऊन पाच मुलांसह शिवाजी महाराजांकडे आले. महाराजांनी त्यांना स्पष्ट विचारलं, वतनाचं काय? तेव्हा कान्होजींनी हातावर पाणी घेऊन वतनावर सोडलं. 'पाणी सोडणं' आपण रोज सहज म्हणतो. इथे ते खरंच सोडलं होतं, तेही ज्या वतनापायी बापाचा जीव गेला त्यावर. पुढे खोपडे सापडले, तेव्हा त्यांच्या जिवासाठी रदबदली करणारेही कान्होजीच. जीव वाचला, पण एक हात आणि एक पाय गेला.

मग या लोकांना चालवत काय होतं? नुसता पैसा नाही. मान! दरबारात तलवारीचं पहिलं पान कुणाचं, हा मोठा प्रश्न. तो मान जेध्यांचा होता. जुलै १६६० मध्ये घोडखिंडीत बाजीप्रभू देशपांडे आणि हिरडस मावळातल्या बांदलांची माणसं पडली. त्यानंतर हे पहिलं पान बांदलांना दिलं गेलं आणि जेध्यांनी ते मानलं, असं सांगतात. एकेकाळी याच दोन घराण्यांचं आपसात वैर होतं, हे लक्षात घ्या.

आणि एक गोष्ट गैरसोयीची आहे, पण सांगायला हवी. याच देशमुखांच्या बळावर स्वराज्य उभं राहिलं, आणि महाराजांनीच पुढे देशमुखांची सत्ता कमी केली. त्यांचे वाडे-हुडे पाडले, त्यांचे हक्क ठरवून दिले आणि वसुलीला सरकारी कारकून नेमले. कारण रयतेला नाडणारेही देशमुखच असायचे. संभाजी महाराजांनंतरच्या धामधुमीत मात्र माणसं टिकवायला राजाराम महाराजांना पुन्हा वतनं द्यावी लागली, कारण मोगलही तेच देत होते.

तर मी निष्ठेचा आकडा कोडमधून काढून टाकलाय. त्याऐवजी घराण्याला तीन प्रश्न ठेवलेत: जमीन कुणाच्या हातात जाईल? पहिला मान कुणाचा? आणि भाऊ कुठल्या बाजूला आहे? आता गेम सारखा अनपेक्षित वळणं घेतो, आणि टेस्टिंग करणारा मित्र वैतागलाय!

काकांना मात्र अजून फोन केलेला नाही. या दिवाळीत बघू.

भेटू पुढच्या भागात.