शंभर वर्षांचं सागवान आणि ऑगस्टमधला सरस

पुण्यात कुठे वाडा पाडायला घेतला की आठवड्याभरात मला कुणाचा तरी फोन येतो. "तुळई मिळालीय, अस्सल सागवान. शंभर वर्षं वाळलंय, आता त्याला काय होणार?" हौसेनं गिटार बनवणाऱ्यांकडून हे इतक्यांदा ऐकलंय की हल्ली मी वाक्य पुरं होऊ देत नाही.

होणार. पुष्कळ काही होणार.

पावसाळ्यात कपाटाचं दार घासायला लागतं आणि दिवाळीनंतर आपसूक नीट लागतं, हे घरोघरी दिसतं. पण तेच लाकूड गिटारीत घालायचं म्हटलं की एकदम संतपदाला पोचतं. लाकूड एकदा वाळलं म्हणजे कायमचं वाळलं, असं नसतं. ते आजूबाजूच्या हवेप्रमाणे ओल घेतं आणि सोडतं. वय शंभर असो की दहा. पुण्यात एप्रिलच्या दुपारी हवेची आर्द्रता २५ टक्क्यांच्या आसपास उतरते, ऑगस्टमध्ये ८० च्या वर जाते. अमेरिकेच्या फॉरेस्ट प्रॉडक्ट्स लॅबोरेटरीच्या 'वुड हँडबुक'मधला तक्ता पाहिला, तर पहिल्या हवेत लाकडात साधारण ५ टक्के ओल राहते आणि दुसऱ्या हवेत १६ टक्क्यांच्या जवळपास. वाड्यातली तुळई शंभर वर्षं हेच करत होती. जाडजूड होती म्हणून सावकाश करत होती, एवढंच.

तिची अडीच मिलिमीटरची पाटी केली की हा सावकाशपणा संपतो. साग मुळात कमी हलणारं लाकूड, हे खरं. तरीही ओल चार टक्क्यांनी उतरली तर ४० सेंटिमीटर रुंदीची गिटारीची पाठ साधारण दीड ते तीन मिलिमीटर आकसते. फळी कुठल्या अंगानं चिरलीय त्यावर ते ठरतं. आकसते ती रुंदीत, लांबीत जवळजवळ नाहीच. आणि आपण पाठीला आतून पट्ट्या चिकटवतो त्या नेमक्या आडव्या. म्हणजे पाठ आकसायला बघते, पट्टी तिला आकसू देत नाही. दोघींच्या भांडणात पातळ असते ती फाटते.

माझी पहिली पाठ अशीच गेली. ऐन ऑगस्टमध्ये, बाहेर धो धो पाऊस असताना, मी मोठ्या उत्साहानं पट्ट्यांना सरस लावला. एप्रिलमध्ये एका रात्री टाळी वाजावी तसा आवाज आला आणि पाठ मधोमध चिरली. दोष सागाचा नव्हता.

आणखी एक. जाड तुळईच्या गाभ्यातली ओल आणि बाहेरची ओल सारखी नसते, शिवाय आत ताणही दडलेला असतो. वखारीत करवतीखाली घातली की तो मोकळा होतो आणि सरळसोट दिसणाऱ्या तुळईतून पीळ खाल्लेल्या फळ्या निघतात. म्हणून पाच-सहा मिलिमीटरच्या पाट्या काढा, मध्ये काड्या ठेवून रचा, वर वजन ठेवा आणि दोन-तीन महिने त्यांच्याकडे बघू नका. नाहीच राहवलं तर दर आठवड्याला स्वयंपाकघरातल्या काट्यावर एक पाटी तोला. वजन बदलायचं थांबलं की काम सुरू करा. पट्ट्या चिकटवायच्या त्या हिवाळ्यात, आर्द्रतामापक ४५ ते ५० दाखवत असेल त्या दिवशी.

दुसरा गैरसमज याच्या बरोबर उलटा: देशी लाकूड वाजतच नाही, गिटारीला 'फॉरेन'च हवं. ज्या 'इंडियन रोझवुड'साठी लोक जास्त पैसे मोजतात, ते आपलं शिसव आहे, हे सांगितल्यावर काहींचा चेहरा पडतो. मार्टिन गिटार कंपनीनं १९६९ मध्ये ब्राझीलचं रोझवुड सोडून तेच धरलं. लँकेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सहा गिटारी एकाच घडणीच्या होत्या, फरक फक्त पाठ आणि बाजूंच्या लाकडाचा. ५२ वादकांनी त्या काळे चष्मे लावून वाजवल्या आणि सगळ्यांना जवळपास सारखेच गुण दिले. राहिला जुन्या लाकडाचा प्रश्न, तर क्वीन बँडच्या ब्रायन मेनं वडिलांबरोबर घरी बनवलेल्या 'रेड स्पेशल' गिटारीचा नेक जुन्या फायरप्लेसच्या महोगनीचा आहे. त्यातली किडीची भोकं त्यानं आगकाड्यांनी बुजवली.

बाकीचे किरकोळ. 'जड लाकूड म्हणजे भारी लाकूड': नेक-पाठीला चालेल, पण स्टील तारांच्या गिटारीचा टॉप हलका हवा, तिथे स्प्रूसच घ्या. 'साग सरस धरत नाही': धरतो, पण तेलकट आहे, त्यामुळे ताजा रंधा मारून लगेच चिकटवा. 'खिळे सगळे काढलेत': चुंबक फिरवा, मग बोला. 'घासायला कसला मास्क': शिसवाच्या भुशानं अंगावर पुरळ उठतं आणि जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं. 'अंगणातलं झाड आपलंच': शहरात ते तोडायला १९७५ च्या कायद्यानुसार वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते.

ती चिरलेली पाठ मी टाकली नाही, कामाच्या टेबलामागे भिंतीवर टांगलीय. मागच्या पावसाळ्यात तिची चीर मिटली होती, बोट फिरवलं तर लागत नव्हती. मार्चमध्ये पुन्हा उघडली.