दुखणं उलटतं तेव्हा

दिवाळीच्या सुमारास हिंगणघाटच्या बाजारात कापसाच्या गाड्या येऊ लागतात आणि नागपूर-हैदराबाद महामार्गावरची वर्दळ वाढते. दुचाकी घसरून किंवा ट्रॉलीवरून पडून डोक्याला मुका मार बसतो. सेवाग्रामला किंवा सावंगीला सीटी स्कॅन होतं, रिपोर्ट नॉर्मल येतो. पण पुढे कित्येक दिवस डोकं दुखतं, चक्कर येते, उजेड आणि आवाज सोसवत नाही. घरचे विचारतात, ‘रिपोर्ट तर नॉर्मल हाय, मंग याले झालं तरी काय?’

याला वैद्यकात कन्कशन म्हणतात. स्कॅनमध्ये रक्तस्राव किंवा फ्रॅक्चर दिसतं. इथे बिघडतं ते मेंदूच्या पेशींचं काम. झटक्याने पेशींतलं पोटॅशियम बाहेर पडतं, कॅल्शियम आत शिरतं. ही घडी पुन्हा बसवायला ऊर्जा जास्त लागते आणि नेमका त्याच वेळी रक्तपुरवठा घटतो. बहुतेक जण काही आठवड्यांत बरे होतात. काहींचा त्रास महिनोन्‌महिने रेंगाळतो. त्यामागे मान, तोल, नजर, अर्धशिशी, अपुरी झोप, काळजी अशी कारणं गुंतलेली असतात.

अशा माणसाला सर्वांत खचवतं ते दुखणं उलटणं. आठवडाभर बरं वाटतं, म्हणून तो साचलेली सगळी कामं एका दिवसात उरकतो आणि दुसऱ्या दिवशी अंथरुणाला खिळतो. ‘सगळं मुसळ केरात’ असं त्याला वाटतं. पण डोक्याला नवा मार बसला नसेल, तर अशा वाढलेल्या त्रासाचा अर्थ बहुधा इतकाच असतो की त्या दिवशीचा भार झेपला नाही.

आपल्याकडे कौतुक होतं ते मार विसरून उभं राहण्याचं. जानेवारी १९८१ मध्ये सिडनी कसोटीत हेल्मेटविना खेळणाऱ्या संदीप पाटील यांना लेन पॅस्को यांचा चेंडू डोक्याला लागला. त्याच महिन्यात ॲडलेडला त्यांनी १७४ धावा ठोकल्या. ते धैर्य मोठंच. पण ऑगस्ट २०१९ पासून आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये कन्कशन झालेल्या खेळाडूच्या जागी बदली खेळाडू उतरवता येतो, कारण विज्ञान पुढे गेलं आहे.

उलट टोकाचा, अंधाऱ्या खोलीत महिनाभर पडून राहण्याचा सल्लाही आता मागे पडला आहे. ॲमस्टरडॅमला २०२२ मध्ये भरलेल्या तज्ज्ञांच्या परिषदेने खेळाडूंसाठी सांगितलं: पहिले २४ ते ४८ तास सापेक्ष विश्रांती, म्हणजे पूर्ण पडून न राहता रोजची साधी कामं आणि झेपेल तितकं हलकं चालणं. त्रास दहापैकी दोन गुणांपर्यंत वाढून तासाभरात ओसरला, तर ते चालण्यासारखं आहे. त्याहून वाढला तर थांबायचं आणि दुसऱ्या दिवशी थोडं कमी करून पुन्हा सुरू करायचं. रेंगाळलेल्या दुखण्यात किती भार घ्यायचा, हे डॉक्टरांकडून ठरवून घ्यावं.

सणात हे कसं पाळायचं? फराळ एका दिवसात उरकू नका, वाटून घ्या. फटाक्यांच्या वेळी आतल्या खोलीत बसा. पाहुण्यांत अर्धा तास, मग थोडी विश्रांती. झोपेची वेळ मोडू नका. मोबाइल कमी, दारू वर्ज्य. दुखण्याच्या गोळ्या रोज घेऊ नका. त्यांच्या अतिवापरानेही डोकं दुखतं. काय केलं आणि केव्हा त्रास झाला, हे वहीत लिहा. डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो.

वारंवार उलट्या, वाढती गुंगी, झटके, बोलण्यात अडखळणं, एका बाजूची कमजोरी, किंवा वाढतच जाणारी डोकेदुखी दिसली, तर मात्र १०८ ला फोन करून लगेच रुग्णालय गाठा. मन खचलं असेल तर टेलि-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे.

घरच्यांनी ‘सोंग करतो’ हे शब्द तोंडातून काढू नयेत. मालकाने पहिले काही आठवडे अर्धा दिवस काम द्यावं. दुखणं उलटलं, तरी माणूस पहिल्या दिवसावर परत जात नाही. एक पायरी खाली येतो. तिथून पुन्हा चढायला त्याला वेळ द्यावा.