रांगेचे मोल : थीम पार्कमधील एका दिवसाचा हिशेब

सुट्टीच्या दिवशी एखादे दांपत्य कॅलिफोर्नियातील ॲनाहाइम येथील डिस्नीलँडमध्ये जाते असे समजू. प्रवेशद्वारी तिकिटाचे पैसे एकदा भरले म्हणजे आतील बहुतेक राइड्ससाठी पुन्हा पैसे मोजावे लागत नाहीत. तथापि सायंकाळी बाहेर पडताना या दोघांनी दिवसाच्या तासांचा जमाखर्च मांडला, तर राइडमध्ये बसून घालविलेला वेळ मिनिटांत मोजता येईल, आणि रांगेत उभे राहण्यात गेलेला वेळ तासांत मोजावा लागेल. फुकट म्हणून जे मिळाले त्याचे मोल त्यांनी दुसऱ्या नाण्यात चुकते केले, एवढाच याचा अर्थ. हे नाणे कोणते, त्याचा दर कसा ठरतो, आणि ते बदलून दुसरे चालू केल्यास कोणाचा लाभ व कोणाची हानी होते, या प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. विषय करमणुकीचा असला तरी त्यात गुंतलेली तत्त्वे अर्थशास्त्राच्या अभ्यासकास उपेक्षणीय वाटू नयेत.

१. कुपनांपासून एकाच तिकिटापर्यंत

डिस्नीलँड १९५५ च्या जुलै महिन्यात सुरू झाले. त्या वेळी प्रवेशाचे मूल्य वेगळे आणि प्रत्येक राइडचे मूल्य वेगळे, अशी पद्धत होती. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात कुपनांची पुस्तके निघाली. त्यांत ए, बी व सी असे तीन वर्ग होते. पुढे डी आणि १९५९ मध्ये ई हा सर्वांत वरचा वर्ग त्यांत आला. मॅटरहॉर्नसारख्या लोकप्रिय राइडला ई वर्गाचे कुपन लागे, तर साध्या राइड्सना ए वर्गाचे पुरे. ही पद्धत १९८२ मध्ये बंद झाली, आणि एकाच प्रवेशमूल्यात हव्या तितक्या राइड्स घेण्याची मुभा मिळाली.

या दोन पद्धतींपैकी मालकास अधिक लाभदायक कोणती, हा प्रश्न वॉल्टर ओय यांनी १९७१ मध्ये आपल्या प्रसिद्ध निबंधात चर्चिला, आणि त्यासाठी डिस्नीलँडचेच उदाहरण घेतले. त्यांच्या विवेचनाचा गाभा असा : सर्व ग्राहक एकसारखे असतील, तर मक्तेदाराने प्रत्येक राइडचे मूल्य तिच्या सीमान्त खर्चाइतकेच ठेवावे आणि ग्राहकाच्या पदरी पडणारे सर्व आधिक्य प्रवेशमूल्याच्या रूपाने काढून घ्यावे. चालू असलेल्या राइडमध्ये एक माणूस अधिक बसला तर खर्चात पडणारी भर नगण्य असते. त्यामुळे राइड विनामूल्य आणि प्रवेश महाग, हा निष्कर्ष सहजच निघतो. ग्राहकांच्या आवडी भिन्न असतील तर राइडचे मूल्य सीमान्त खर्चाहून वर ठेवणेही लाभाचे ठरू शकते, हेही ओय यांनी दाखविले आहे.

परंतु उद्यान गजबजलेले असेल तर एक गोष्ट बदलते. आसने भरलेली असताना जो एक माणूस अधिक बसतो, तो दुसऱ्या कोणाला तरी मागे लोटूनच बसतो. तेव्हा मालकाच्या हिशेबी सीमान्त खर्च शून्य असला, तरी रांगेत मागे उभ्या असलेल्यांच्या हिशेबी तो शून्य नसतो. कुपनांचे पुस्तक हा या दुसऱ्या खर्चाचा एक प्रकारचा कर होता. ई वर्गाची कुपने मोजकीच असल्यामुळे अभ्यागत ती जपून वापरीत आणि उरलेला वेळ कमी मागणीच्या राइड्सकडे वळवीत. १९८२ नंतर हा लगाम सुटला आणि त्याचे काम रांगेकडे आले.

२. रांग किती वाढते?

रांगांचा गणिती अभ्यास कोपनहेगनच्या दूरध्वनी कंपनीत काम करणाऱ्या आग्नर एर्लांग यांनी सुरू केला. त्यांचा पहिला निबंध १९०९ मधील आहे. पुढे १९६१ मध्ये जॉन लिटल यांनी एका साध्या सूत्राची सर्वसामान्य सिद्धता दिली. व्यवस्थेतील सरासरी संख्या ही आगमनाचा दर आणि सरासरी प्रतीक्षाकाल यांच्या गुणाकाराइतकी असते, असे हे सूत्र सांगते. त्यामुळे तासाला १,८०० माणसांना घेणाऱ्या राइडपुढे ९०० माणसांची रांग कायम असेल, तर नव्याने येणाऱ्यास सुमारे अर्धा तास थांबावे लागेल.

रांग गर्दीच्या प्रमाणातच वाढते, ही समजूत मात्र बरोबर नाही. आगमने यादृच्छिक असलेल्या सर्वांत साध्या एकखिडकी व्यवस्थेत क्षमतेच्या ८० टक्के वापर होत असेल तर व्यवस्थेत सरासरी ४ माणसे असतात. ९० टक्क्यांस ती ९ होतात आणि ९५ टक्क्यांस १९. शेवटच्या थोड्या टक्क्यांत रांग अशी फुगत जाते. लोकप्रिय राइडची स्थिती दुपारी याहूनही बिकट असते, कारण तिची मागणीच क्षमतेहून अधिक असते. अशा वेळी रांग अनंत का होत नाही? तर काही लोक तिच्याकडे पाहून परत फिरतात म्हणून. ज्या लांबीला शेवटच्या माणसास थांबणे आणि परत फिरणे सारखेच वाटते, तेथे रांग स्थिरावते. मागणी व पुरवठा यांचा मेळ घालणाऱ्या वस्तूस आपण किंमत म्हणतो. त्या अर्थाने रांग ही किंमतच होय.

मात्र पैशातील किंमत आणि रांगेतील किंमत यांत मोठा भेद आहे. अभ्यागताने दिलेला डॉलर मालकास मिळतो, म्हणजे तो एका हातातून दुसऱ्या हातात जातो. रांगेत गेलेला तास कोणाच्याच पदरात पडत नाही. पी. नाओर यांनी १९६९ मध्ये दाखवून दिले की, रांगेत शिरणारा माणूस स्वतःच्या प्रतीक्षेचा तेवढा विचार करतो, आपल्यामुळे मागच्यांना होणाऱ्या विलंबाचा करीत नाही. त्यामुळे आपखुशीने बनलेली रांग समाजहिताच्या दृष्टीने इष्ट असेल त्याहून लांब होते आणि योग्य पथकर लावल्यास सर्वांचे मिळून हित साधते. याच्या उलट बाजूने रॉबर्ट बॅरो व पॉल रोमर यांनी १९८७ मध्ये बर्फावरील घसरगुंड्यांच्या लिफ्टचे उदाहरण घेऊन असे मांडले की, दिवसभराच्या तिकिटाची रक्कम मिळालेल्या फेऱ्यांनी भागली असता प्रत्येक फेरीची खरी किंमत निघते. गर्दी वाढली की फेऱ्या कमी होतात आणि ही किंमत आपोआप चढते. हा युक्तिवाद मार्मिक आहे. परंतु रांगेत उभे राहण्याचा त्रास त्यात धरावयाचा झाला, तर नाओर यांचा आक्षेप पुन्हा उभा राहतो.

३. अदृश्य रांग आणि विकत घेतलेला अग्रक्रम

रांगेवर उपाय म्हणून डिस्नीच्या उद्यानांत १९९९ मध्ये फास्टपास ही योजना आली. राइडपाशी असलेल्या यंत्रातून एक चिठ्ठी घ्यावयाची आणि तीवर छापलेल्या वेळी परत यावयाचे. तेथे निराळ्या मार्गाने थोडक्या वेळात प्रवेश मिळे. ही सोय विनामूल्य होती. २०२० मध्ये साथीमुळे उद्याने बंद झाली, आणि ती पुन्हा उघडल्यावर फास्टपास परत आला नाही. २०२१ च्या अखेरीस अमेरिकेतील उद्यानांत जिनी प्लस ही सशुल्क सेवा सुरू झाली. तिचे नाव २०२४ मध्ये बदलले, परंतु पैसे देऊन लायटनिंग लेन या वेगळ्या मार्गाने जाण्याचे तत्त्व कायम राहिले.

या योजनांनी रांग कमी होते का? उत्तर देण्यासाठी एक काल्पनिक हिशेब मांडू. उद्यानात २०,००० अभ्यागत आहेत. सर्व राइड्सची मिळून क्षमता तासाला १८,००० आसनांची आहे. उद्यान १० तास चालते आणि सर्व आसने भरलेली जातात. दिवसाच्या एकूण राइड्स १,८०,००० झाल्या, म्हणजे माणशी सरासरी ९. आता रांगेचा आकार कसाही बदला, चिठ्ठ्या द्या, दूरध्वनीवर वेळ द्या, ही सरासरी ९ च राहते, कारण चिठ्ठीने आसन निर्माण होत नाही. चिठ्ठी घेऊन मोकळा झालेला माणूस वाटेत स्वस्थ बसला तर त्याचे पाय तरी वाचले. पण तो दुसऱ्या राइडच्या रांगेत शिरला, तर ती रांग तेवढ्याने वाढली.

यांपैकी ४,००० जणांनी अग्रक्रम विकत घेतला आणि प्रत्येकी १५ राइड्स घेतल्या असे धरू. त्यांच्या वाट्याला ६०,००० राइड्स गेल्या. उरलेल्या १६,००० जणांसाठी १,२०,००० राहिल्या, म्हणजे माणशी साडेसात. अग्रक्रम न घेणाऱ्या आपल्या दांपत्यास दोघांच्या मिळून १८ राइड्सच्या जागी १५ मिळतील. सर्वच २०,००० जणांनी अग्रक्रम घेतला, तर प्रत्येकाची राइड-संख्या पुन्हा ९ वर येईल. फक्त खिशातील पैसे तेवढे कमी होतील. एकाच राइडपुरते पाहिले तरी हेच दिसते. वर सांगितलेल्या १,८०० क्षमतेच्या राइडमधील ७० टक्के आसने अग्रक्रमवाल्यांना दिली, तर सामान्य रांगेस तासाला ५४० आसने उरतात, आणि ९०० जणांच्या त्याच रांगेतील प्रतीक्षा अर्ध्या तासावरून १०० मिनिटांवर जाते.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. कुपनाचे मूल्य सर्वांना सारखे लागू होते आणि त्यामुळे लोकप्रिय राइडची मागणीच कमी होते. नाओर यांच्या पथकराशी त्याचे नाते जवळचे आहे. अग्रक्रमाची विक्री मागणी कमी करीत नाही, रांगेतील क्रम तेवढा बदलते. दोन्ही ठिकाणी पैसेच द्यावे लागतात म्हणून दोहोंस एकाच मापाने मोजणे योग्य नव्हे. अग्रक्रमाच्या बाजूनेही मात्र म्हणता येण्याजोगे आहे. आयुष्यात एकदाच दुरून येणाऱ्यास एका तासाचे मोल जवळ राहून वारंवार येणाऱ्याहून अधिक असते, आणि ज्यास वेळ महाग त्याने पैसे देऊन तो वाचवावा यात गैर काही नाही. योरम बार्झेल यांनी १९७४ मध्ये प्रतीक्षेद्वारे होणाऱ्या वाटपाचे विश्लेषण केले आहे. त्यावरून हेही ध्यानात येते की, रांगेचा लाभ गरिबासच मिळतो असे नव्हे. ज्याचा वेळ स्वस्त आहे, त्यास तो मिळतो. परंतु हा व्यवहार आपल्या मागे उभ्या असलेल्या, त्यात सहभागी नसलेल्या माणसाच्या वेळातून पार पडतो, ही गोष्ट दृष्टीआड होता कामा नये.

४. रिकामे आसन आणि जोडीची किंमत

आसन खरोखर वाढविणारी एक योजना मात्र आहे. दोन आसनांच्या गाड्या असलेली राइड घ्या. तिघांचे कुटुंब आले की एक गाडी अर्धी रिकामी जाते. तासाला ६०० गाड्या सुटत असतील आणि दहांतील एका गाडीत एक आसन रिकामे राहत असेल, तर तासाला ६० आसने वाया जातात. एकट्याने बसण्यास तयार असणाऱ्यांची वेगळी रांग ठेवून ही आसने भरली, तर कोणाचेही काही न घेता ६० जणांची सोय होते. कित्येक राइड्सवर अशी रांग असते व तिची प्रतीक्षा बहुधा कमी असते.

आपल्या दांपत्यापुढे येथे खरा प्रश्न उभा राहतो. दोघेही त्या रांगेत शिरले, तर रांगेत ती एकत्र राहतील, पण राइडमध्ये निरनिराळ्या गाड्यांत परक्या माणसांशेजारी बसतील. वाचलेल्या वेळाचे मोल पैशात द्यावे लागत नाही, सोबतीत द्यावे लागते. गॅरी बेकर यांनी १९६५ मध्ये असे प्रतिपादन केले की, कुटुंब बाजारातून वस्तू घेते आणि तीत स्वतःचा वेळ मिसळून आपल्याला हवा असलेला उपभोग तयार करते. दांपत्यास हवा असलेला उपभोग राइड हा नसून जोडीने घेतलेली राइड हा असेल, तर वेगळ्या गाड्यांतील दोन आसने त्याची भरपाई करू शकणार नाहीत. राइड्सची संख्या वाढवावी की जोडी राखावी, हे ठरविण्याचे गणित ज्याच्या त्याच्यापाशीच असते.

रांगेतील वेळ सर्वस्वी वाया जातो, या गृहीतासही येथे मर्यादा पडते. डेव्हिड मायस्टर यांनी १९८५ मध्ये प्रतीक्षेच्या मानसशास्त्रासंबंधी काही सूत्रे मांडली. रिकामा वेळ गुंतलेल्या वेळेपेक्षा लांब वाटतो, कारण न सांगितलेली प्रतीक्षा लांब वाटते, अन्यायाची प्रतीक्षा लांब वाटते, आणि एकट्याची प्रतीक्षा सोबतीतील प्रतीक्षेहून लांब वाटते, अशी ही सूत्रे आहेत. रिचर्ड लार्सन यांनी १९८७ मध्ये रांगेतील सामाजिक न्यायावर भर देऊन हाच विचार पुढे नेला. मागून आलेला पुढे गेला की होणारा क्षोभ मिनिटांच्या मापात मावत नाही, असे त्यांच्या विवेचनावरून दिसते. एकच रांग असताना शंभर मिनिटे बोलत बोलत काढणारे दांपत्य शेजारच्या मार्गाने इतरांना पुढे जाताना पाहून अस्वस्थ होते, ते यामुळेच. घड्याळ तेच असते, फक्त तुलना बदललेली असते.

५. तात्पर्य

या सर्व विवेचनातून निघणारा निष्कर्ष थोडक्यात असा मांडता येईल. गर्दीच्या थीम पार्कमध्ये तुटवडा आसनांचा असतो, आणि रांग हे त्याचे लक्षण होय. या लक्षणावरील उपायांचे तीन वर्ग पडतात. काही उपाय आसने वाढवितात वा रिकामी आसने भरतात. काही मागणी आवरतात किंवा दुसरीकडे वळवितात. जुनी कुपने आणि २०१६ पासून अमेरिकेतील डिस्नी उद्यानांनी स्वीकारलेले, दिवसानुसार बदलणारे प्रवेशमूल्य हे या वर्गात पडतात. उरलेले उपाय प्रतीक्षा एकाकडून दुसऱ्याकडे सरकवितात. पहिल्या दोन वर्गांत एकूण प्रतीक्षा खरोखर कमी होऊ शकते, तिसऱ्यात होत नाही. एखाद्या नव्या योजनेचे गुणगान कानी आले असता ती यांपैकी कोणत्या वर्गातील आहे, हे अभ्यासकाने प्रथम विचारावे. आणि तिसऱ्या वर्गातील असल्यास सरकविलेली प्रतीक्षा कोणाच्या वाट्यास आली, हे नंतर विचारावे. ज्यांनी पैसे भरले त्यांच्या समाधानाची नोंद होते. ज्यांच्या दिवसातील तीन राइड्स कमी झाल्या, त्यांना त्या कोठे गेल्या हे कळतही नाही. म्हणून हिशेब मांडताना त्यांची बाजू मुद्दाम मांडावी लागते.