ज्या रंगाला कुणाची परवानगी लागत नाही

बेळगाव जिल्ह्यातल्या बोरगाव, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या जुन्या घरांत फणीकरंड्याची पेटी असे. आरसा, फणी, कुंकवाचा करंडा आणि मेणाची डबी. कपाळावर आधी मेणाचं बोट टेकवायचं, मग त्यावर कुंकू. मेणामुळे कुंकू पसरत नाही, घामानं ओघळत नाही, संध्याकाळपर्यंत गोल राहतं. आज ओठांना रंग लावण्याआधी जो बाम किंवा प्रायमर लावतात, त्याचं काम हेच आहे. थंडीत फुटलेल्या ओठांना लोणी किंवा तूप लावणं, जेवणानंतरच्या विड्यानं ओठ रंगवणं, हेही इथलंच. रंगाची हौस आणि रंग टिकवण्याची अक्कल, दोन्ही या मुलखात जुन्या आहेत. तरीही ओठांवरची लिपस्टिक आणि गालावरचा हायलायटर उघडपणे वापरात यायला इतकी दशकं लागली. कारण विचारलं की लोक किमतीकडे बोट दाखवतात. किंमत होतीच, पण मागच्या शंभर वर्षांचा हिशेब मांडला तर मोठी अडचण दुसरी दिसते. कुंकू नवऱ्याच्या असण्याशी बांधलेलं होतं, हळद सणाशी आणि लग्नाशी, विडा जेवणाशी. लिपस्टिक आणि हायलायटर कशाशीच बांधलेले नाहीत. बाईनं ते लावले तर स्वतःला हवे वाटले म्हणून, एवढंच कारण उरतं. आणि नेमकं हेच कारण पुरेसं मानायची आपल्या समाजाची तयारी नव्हती. म्हणून प्रत्येक प्रसाधन आधी दुसऱ्याच नावाखाली घरात शिरलं.

मुंबईच्या इब्राहिम सुलतानअली पाटणवाला यांचं अफगाण स्नो हे चेहऱ्याचं क्रीम १९१९ मध्ये आलं. स्नो-पावडर ही जोडी पुढे मध्यमवर्गीय घरांत रुळली ती नीटनेटकेपणाच्या नावाखाली. रंगभूमीवर मात्र रंगाला पूर्ण मोकळीक होती. मराठी संगीत नाटकाला घडवणारे अण्णासाहेब किर्लोस्कर याच बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. त्यांच्या परंपरेत पुढे बालगंधर्व स्त्रीवेशात उभे राहिले आणि घरंदाज बायकांनी त्यांच्या लुगड्याचं, केशरचनेचं, दागिन्यांचं अनुकरण केलं. गालांवरची आणि ओठांवरची लाली तेवढी रंगपटात राहिली. पुरुषाच्या चेहऱ्यावर जी कला ठरत होती, ती बाईच्या चेहऱ्यावर नट्टापट्टा ठरत होती. जवळच्या कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्या चित्रपटांत ज्या पहिल्या स्त्रिया उभ्या राहिल्या, त्यांनी त्याची सामाजिक किंमत मोजली.

या आडपडद्याचा सगळ्यात बोलका पुरावा एका मराठी उद्योगानंच दिला आहे. केशव विष्णू पेंढरकर यांनी १९५२ मध्ये विको सुरू केली. पुढे हळद आणि चंदनतेलाचं विको टर्मरिक क्रीम आलं, आणि त्याची जाहिरात ठासून सांगत होती की हे कॉस्मेटिक नव्हे. त्यामागे अबकारी कराचाही प्रश्न होता. आयुर्वेदिक औषध आणि सौंदर्यप्रसाधन यांचे दर वेगळे. तो वाद वर्षानुवर्षं चालून सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला आणि निकाल औषधाच्या बाजूनं लागला. कंपनीची कायदेशीर बाजू मला मान्यच आहे. पण ग्राहकाच्या बाजूनं पाहिलं तर ही जाहिरात इतकी का पटली? कारण तिनं लाखो बायकांना चेहऱ्यावर काहीतरी लावायची अशी सबब दिली, जिच्यावर सासूलाही बोट ठेवता येणार नव्हतं. त्याच १९५२ साली टाटांच्या तेल कारखान्याच्या पंखाखाली लॅक्मे जन्माला आली. १९६१ मध्ये संचालक मंडळावर आलेल्या आणि १९८२ मध्ये अध्यक्ष झालेल्या सिमोन टाटा यांनी ती वाढवली. लॅक्मे उघडपणे शृंगाराचं नाव घेत होती. सीमाभागातल्या कटलरीच्या दुकानांत तिची लिपस्टिक लग्नसराईत नवरीसाठी विकली जाई. पुन्हा एक सबब, यावेळी लग्नाची.

परदेशी वस्तूंची गोष्ट थोडक्यात सांगता येते. ग्राहकोपयोगी मालाच्या आयातीवरची संख्यात्मक बंधनं १ एप्रिल २००१ ला पूर्ण उठली. तोवर त्या बहुधा आखातातून येणाऱ्यांच्या बॅगांतून येत. मॅक ही मेकअप कंपनी २००५ मध्ये भारतात आली, नायका हे प्रसाधनांचं ऑनलाइन दुकान २०१२ मध्ये सुरू झालं, आणि २०१६ नंतर स्वस्त झालेल्या इंटरनेटमुळे जगातली प्रत्येक डबी गावागावांतल्या मोबाइलवर दिसू लागली. बघता येतं पण मिळत नाही, अशी ही नवी तहान होती. बेका कंपनीचा ‘शॅम्पेन पॉप’ हा २०१५ चा हायलायटर असाच जगभर हवाहवासा झाला. २०२१ मध्ये ती कंपनीच बंद पडली. कित्येकींच्या इच्छेचं आयुष्य त्या मालाच्या आयुष्यापेक्षा मोठं ठरलं.

हवी असलेली वस्तू अखेर हातात आल्यावर तिचं मोल कशावरून ठरवायचं? मला वाटतं, तिच्या कामावरून. हायलायटरमधली चमक बहुतेक वेळा अभ्रकाच्या पातळ पापुद्र्यांची असते. त्यांवर टायटॅनियम डायऑक्साइडचा थर दिला की मोतिया झळक येते. लोहाच्या ऑक्साइडचा दिला की सोनेरी, कांस्य, तांबूस. सावळ्या गालावर पांढरट मोतिया छटा राख फासल्यासारखी दिसते, तर तांबूस-सोनेरी छटा त्वचेतच मिसळून उजेड धरते. म्हणजे आपल्याकडच्या बहुतेक चेहऱ्यांना प्रसिद्ध डबीपेक्षा योग्य छटेची साधी डबी जास्त शोभते. ओठांचंही तसंच. ओठांना घामग्रंथी नसतात, तैलग्रंथी जवळजवळ नसतात, वरचा थर पातळ असतो; त्यामुळे ते लवकर कोरडे पडतात आणि मॅट रंग भेगांत बसतो. आधी हलक्या हातानं मऊ केलेले, मेण किंवा पेट्रोलियम जेली लावून टिपून घेतलेले ओठ असतील तर मध्यम दर्जाचा रंगही नीट बसतो. महागड्या ‘लिप प्रेप’ डब्यांपैकी पुष्कळांत याहून फार वेगळं काही नसतं, हे खरेदीआधी माहीत असलेलं बरं.

यावर पहिला आक्षेप असा की ही हौसच जाहिरातीनं पेरलेली आहे, आणि तिच्या मुळाशी गोरेपणाचा सोस आहे. आक्षेपाचा अर्धा भाग खरा आहे. १९७५ पासून विकलं गेलेलं फेअर अँड लव्हली २०२० मध्ये नाव बदलून ग्लो अँड लव्हली झालं. मधल्या पंचेचाळीस वर्षांत सावळ्या मुलींना काय ऐकावं लागलं ते वेगळं सांगायला नको. पण हायलायटर आणि लिपस्टिकला याच खात्यात टाकणं मला चुकीचं वाटतं. गोरेपणाचं क्रीम बाईला सांगतं की तुझा रंग बदल. तांबूस हायलायटर त्वचेचा आहे तोच रंग उजळ कोनातून दाखवतो आणि रात्री धुऊन जातो. गोरेपणाच्या क्रीमला लग्नाच्या बाजारात भाव होता म्हणून ते घराघरांत आलं. गडद लिपस्टिकला त्या बाजारात भाव नव्हता, उलट तोटाच होता. जाहिरातदारांनी दोन्ही विकले, पण समाजानं स्वीकारलं ते आधी पहिलंच.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: कष्टकरी बाईच्या घामाचा पैसा असल्या डब्यांत जावा का? निपाणीच्या बाबतीत हा प्रश्न हवेत विचारता येत नाही. इथल्या तंबाखूच्या वखारींत बायकांनी राबून संघटना उभी केली. युगांतर गटानं १९८२ मध्ये त्यांच्यावर ‘तंबाखू चाकिला ऊब आली’ हा माहितीपट केला. ज्या बायकांनी आपल्या मजुरीसाठी मालकाशी भांडण केलं, त्यांच्या पुढच्या पिढ्यांनी त्या मजुरीतले काही रुपये कशावर घालवावेत हे इतरांनी ठरवू नये. घरातल्या पुरुषाच्या पानतंबाखूचा हिशेब आपण मागत नाही. बाईच्या लिपस्टिकचा मात्र मागतो.

हा पक्षपात सरकारी कागदावरही उतरला आहे. २०१७ च्या जुलैत जीएसटी आला तेव्हा कुंकू, टिकली, शेंदूर, अळता यांवर कर शून्य होता. लिपस्टिक आणि इतर मेकअपवर २८ टक्के. तो नोव्हेंबरात १८ वर आला. सप्टेंबर २०२५ मध्ये टाल्कम आणि फेस पावडर ५ टक्क्यांवर उतरली, लिपस्टिक १८ वरच राहिली. कुंकवावर कर नको, हे योग्यच आहे. ते कोट्यवधी बायकांच्या श्रद्धेचं आणि प्रेमाचं आहे. पण बाईचं सौभाग्य सांगणारा रंग करमुक्त आणि तिची स्वतःची आवड सांगणारा रंग चैन, ही वाटणी मला पटत नाही. तिचे परिणाम काय होतात ते बोरगावपासून फार लांब नसलेल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडनं दाखवलं. ४ मे २०२२ रोजी त्या ग्रामपंचायतीनं नवऱ्याच्या निधनानंतर बाईचं कुंकू पुसायची, बांगड्या फोडायची प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात महाराष्ट्र सरकारनं इतर गावांनाही तसं आवाहन केलं. बाईच्या चेहऱ्यावरचा रंग काढून घ्यायचा अधिकार लोकांना आहे असं मानलं जात होतं, म्हणूनच तो अधिकार नाकारायला ठराव लागला. पतीच्या मृत्यूनंतर पुसली जावी अशी लिपस्टिक कुणी बनवलेली नाही, आणि तिचं खरं मोल मला तिथं दिसतं.

सुरक्षिततेचा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो, फक्त तो सगळ्या रंगांना सारखा लावावा. भारतीय नियमांत प्रसाधनातल्या रंगांसाठी शिशाची मर्यादा दशलक्ष भागांत २० भाग आणि आर्सेनिकची २ भाग आहे. जत्रेत विकल्या जाणाऱ्या बिननावाच्या लिपस्टिकवर ना उत्पादकाचा पत्ता असतो, ना बॅच क्रमांक; ती घेऊ नये. पण २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिका आणि भारतातून घेतलेल्या शेंदराच्या बहुसंख्य नमुन्यांत शिसं सापडलं होतं, हेही त्याच दमात सांगायला हवं.

एका आक्षेपाचं उत्तर मात्र अजून अपुरं आहे. हायलायटरमधलं पुष्कळ अभ्रक झारखंड आणि बिहारच्या खाणपट्ट्यातून येतं, आणि तिथं लहान मुलं ते वेचतात हे अनेक तपासांतून समोर आलं आहे. २०१७ मध्ये उद्योगांनी मिळून रिस्पॉन्सिबल मायका इनिशिएटिव्ह सुरू केलं; काही कंपन्या प्रयोगशाळेत तयार होणाऱ्या कृत्रिम अभ्रकाकडे वळल्या. घटकांच्या यादीत ते सिंथेटिक फ्लुओरफ्लोगोपाइट या नावानं लिहिलेलं असतं. दोन डब्या सारख्याच शोभत असतील तर हे नाव असलेली घ्यावी, आणि अभ्रक कुठलं आहे हे दुकानदाराला व कंपनीला विचारत राहावं. विचारणारी गिऱ्हाइकं वाढल्याशिवाय ती माहिती डबीवर छापली जाणार नाही.