एका शब्दासाठी छप्पन्न वर्षे

ग्रंथ एकच, श्रद्धा एकच, पण अर्थ मात्र दोन! अशा वेळी खरा अर्थ कोणता, हे ठरवायचे कुणी? ख्रिस्ती धर्मापुढे हा प्रश्न चौथ्या शतकात उभा राहिला. तो सोडविण्यासाठी त्यांनी परिषदांचा मार्ग धरला. तो मार्ग सरळ होता काय? इतिहास काय सांगतो ते पाहू या.

वादाचे मूळ

इजिप्तमधील अलेक्झांड्रिया शहरात एरियस नावाचे धर्मगुरू होते. पिता परमेश्वर अनादी आहे. पुत्र म्हणजे ख्रिस्त मात्र पित्याने निर्माण केला, म्हणून तो पित्याच्या बरोबरीचा नव्हे, असे ते शिकवीत. तेथील बिशप अलेक्झांडर यांना हे मान्य नव्हते. पुत्र जर देव नसेल, तर तो माणसाला तारणार कसा, असा त्यांच्या पक्षाचा सवाल होता. एरियस यांना बहिष्कृत करण्यात आले. पण त्यांनी खलाशांसाठी, दळणाऱ्यांसाठी गाणी रचून आपले मत पसरविले, असे जुने इतिहासकार सांगतात. विद्वानांचा वाद असा रस्त्यावर आला.

सम्राटाचे बोलावणे

इ. स. ३२४ मध्ये कॉन्स्टंटाइन संपूर्ण रोमन साम्राज्याचा सत्ताधीश झाला. त्याला राज्यात एकी हवी होती. हा वाद क्षुल्लक आहे, तो मिटवा, असे पत्र त्याने दोन्ही पक्षांना पाठविले. उपयोग झाला नाही. तेव्हा ३२५ साली त्याने नायसिया येथे बिशपांची परिषद बोलाविली. हे गाव आज तुर्कस्तानात इझनिक या नावाने ओळखले जाते. प्रवासाची सोय सरकारी खर्चाने झाली. परंपरा ३१८ बिशपांचा आकडा सांगते. त्या काळच्या लेखकांचे आकडे अडीचशे ते तीनशेच्या घरातले आहेत. त्यांत काही जण असे होते, की ज्यांच्या अंगावर पूर्वीच्या सम्राटांनी केलेल्या छळाच्या खुणा होत्या. रोमचे बिशप स्वतः आले नाहीत. त्यांनी आपले प्रतिनिधी धाडले.

अडचण अशी होती की, बायबलमधले कोणतेही वचन पुढे केले तरी एरियसचा पक्ष ते मान्य करी आणि आपल्या परीने त्याचा अर्थ लावी. म्हणून बायबलमध्ये नसलेला एक ग्रीक शब्द ठरावात घालण्यात आला: ‘होमोऊसिओस’, म्हणजे पुत्र व पिता एकाच तत्त्वाचे. पुष्कळांना हा शब्द रुचला नव्हता, तरी सह्या झाल्या. दोन बिशपांनी शेवटपर्यंत नकार दिला. एरियससह त्यांना हद्दपार करण्यात आले. एरियसचे ग्रंथ जाळण्याचा हुकूम निघाला.

ठराव झाला, वाद उरला

वाद मिटला असे सर्वांना वाटले. पण काही वर्षांतच वारे फिरले. एरियसला परत येण्याची परवानगी मिळाली आणि ठरावाचे कट्टर समर्थक बिशप अथानेसियस यांना पाच वेळा हद्दपारी भोगावी लागली. ३५९ साली सम्राट कॉन्स्टंटियसने दुसऱ्या परिषदा भरविल्या आणि दबाव आणून तो शब्दच वगळलेल्या मसुद्यावर सह्या घेतल्या. म्हणजे सम्राट बदलला की सिद्धांतही बदलावा! अखेर ३८१ साली सम्राट थिओडोसियसच्या काळात कॉन्स्टँटिनोपल येथे सुमारे १५० बिशप जमले आणि नायसियाचा ठराव पक्का झाला. एका शब्दासाठी छप्पन्न वर्षे लागली.

कोऱ्या कागदावर सह्या

पुढच्या शतकात ख्रिस्ताच्या मानवी व दैवी स्वरूपाचा वाद निघाला. ४४९ साली इफिसस येथे भरलेली परिषद ‘लुटारूंची परिषद’ म्हणून कुप्रसिद्ध आहे. दोनच वर्षांनी, ४५१ मध्ये, कॅल्सेडन येथे नवी परिषद भरली. तेथे आधीच्या परिषदेचे इतिवृत्त मोठ्याने वाचण्यात आले. तेव्हा अनेक बिशपांनी तक्रार केली की, सैनिकांच्या धाकाने आम्हाला कोऱ्या कागदावर सह्या कराव्या लागल्या! हे इतिवृत्त आजही उपलब्ध आहे.

ख्रिस्त एक, स्वरूपे दोन, असा निर्णय कॅल्सेडनने दिला. पण इजिप्त, सिरिया व आर्मेनियातील पुष्कळ ख्रिस्ती जनांनी तो स्वीकारला नाही. ती फूट आजही कायम आहे. आपल्या देशातले केरळचे मलंकरा ऑर्थोडॉक्स चर्च कॅल्सेडन न मानणाऱ्या याच परिवारातले आहे.

बोध

या परिषदांचे महत्त्व नाकारता येत नाही. दूरदूरच्या प्रांतांतली माणसे एकत्र बसली, बोलली, लेखी ठराव केले. नायसियाला २०२५ साली १७०० वर्षे झाली; तिच्यावरून घडलेली श्रद्धेची घोषणा आजही जगभरच्या चर्चमध्ये म्हटली जाते. पण लक्षात घेतले पाहिजे ते हे की, सही हात करतो, मन नव्हे. जेथे लोकांना पटले तेथे ठराव टिकला. जेथे फक्त दंडुका होता तेथे फूट पडली. आणि ज्याचे ग्रंथ जाळले, त्या एरियसचे म्हणणे आज आपल्याला बहुतांशी त्याच्या विरोधकांच्या लिखाणातूनच समजून घ्यावे लागते. वादात हरलेल्याचे म्हणणे जपून ठेवणे, हेसुद्धा न्यायाचेच काम आहे.